खारपाणपट्टा आणि अ‍ॅप्टॅमर



आपल्या जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांत डायलिसिस हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोल्यापासून आपल्यापर्यंत पसरलेला. पाण्याचं आणि किडनीच्या आजाराचं नातं गावकरी कधीपासून सांगत आहेत. आज मला बोलायचं आहे ते हा आजार वेळेवर ओळखण्याबद्दल.

मूत्रपिंड फार सोसतं. त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन बहुधा नजरेत भरण्याइतकं वाढत नाही. रिपोर्ट चांगला येतो आणि माणूस वावरात जातो. लघवीत मात्र बऱ्याचदा त्याच्या आधीच अल्ब्युमिन हे प्रथिन पाझरू लागलेलं असतं. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिनने ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की डॉक्टर सावध होतात. इतकं थोडं अल्ब्युमिन लघवी तपासायच्या साध्या पट्टीच्या नजरेतून निसटू शकतं. ते पकडायचं कसं?

१९९० साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांना हवा तो रेणू पकडण्याची एक वाट एकाच वेळी सापडली. कोलोरॅडोत टर्क आणि गोल्ड, बोस्टनला एलिंग्टन आणि शोस्टाक. ‘अ‍ॅप्टॅमर’ हे नाव दुसऱ्या जोडीचं. लॅटिनमध्ये ‘आप्टस’ म्हणजे चपखल बसणारा. अ‍ॅप्टॅमर म्हणजे आरएनएचा किंवा डीएनएचा आखूड, एकेरी धागा. घडी पडली की तो नेमक्या एका रेणूला धरतो.

तो निवडतात कसा, हे तुमच्यातल्या शेतकऱ्यांना लगेच कळेल. जुनी माणसं ज्वारीचं बियाणं राखत, तसंच हे आहे. पहिल्या पेरणीत शंभर लाख कोटींच्या आसपास वेगवेगळे धागे घ्यायचे. अल्ब्युमिनला जे चिकटले ते राखायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. राखलेल्यांच्या प्रती वाढवायच्या आणि पुन्हा निवडायचं. आठ-दहा, कधी पंधरा फेऱ्यांनंतर घट्ट धरणारे मोजके उरतात.

मग अगदी थोडं अल्ब्युमिनही ओळखण्याची संवेदनशीलता येते कुठून? हा धागा स्वतःच डीएनए असू शकतो. कोरोनात ज्या पीसीआरची आपल्याला ओळख झाली, त्याने चिकटलेल्या धाग्याच्या असंख्य प्रती काढता येतात. म्हणून अगदी थोड्या रेणूंचाही माग लागतो. दुसरी रीत विजेची. धाग्याच्या टोकाला मिथिलीन ब्लू जोडून तो इलेक्ट्रोडवर बसवतात. रेणू धरताना धागा आकार बदलतो आणि त्यासरशी वीजप्रवाहही.

हे काम भारतातही चाललं आहे. फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने क्षयाच्या जंतूंच्या प्रथिनांवर अ‍ॅप्टॅमर तयार केले. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात पाठीच्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच दिसतात. तिथे जंतूच्या प्रथिनाचा शोध घेणं मोलाचं ठरतं.

मला अ‍ॅप्टॅमरची ओढ आणखी एका कारणाने आहे. तपासण्यांत वापरली जाणारी अँटिबॉडी उन्हाने एकदा बिघडली की सहसा सावरत नाही. डीएनएचा धागा तापून उलगडला, तरी निवल्यावर पुन्हा घडी घालतो. मे महिन्यात वीज गेलेल्या उपकेंद्रात याचं मोल किती, ते आशाताईंना विचारा.

पण एक गोष्ट आग्रहाने सांगतो. या धाग्याची घडी भोवतालच्या क्षारांवर अवलंबून असते. मॅग्नेशियम, सोडियम कमीजास्त झालं की पकड बदलते. माणसामाणसाच्या लघवीतले क्षार मुळातच सारखे नसतात आणि आपली माणसं तर वर्षानुवर्षं खारं पाणी पीत आली आहेत. दूरच्या प्रयोगशाळेत, मोजूनमापून केलेल्या द्रावणात उत्तम ठरलेला धागा इथे चुकू शकतो. काळ्या जमिनीचं बियाणं बरड रानात तसंच उगवेल, असं कोण धरतं? म्हणून उद्या कुणी किडनीची अशी तपासणी घेऊन आलं, तर आपण पहिला प्रश्न हाच विचारायचा: या धाग्याच्या निवडीच्या फेऱ्यांत संग्रामपूरचे नमुने होते का?