जमीन हलली तरी भिंत उभी राहावी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



आज हिशेबाचं बोलणं थोडं बाजूला ठेवते. मागच्या महिन्यात एका गटात घरासाठी कर्जाची मागणी आली. जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा होता. हप्ता किती, जामीन कोण, सगळं विचारून झालं. भिंत कशाची, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. घरी जाताना ते मनाला टोचत राहिलं, कारण आपण किल्लारीच्या शेजारचे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपेत होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. माझा तेव्हा जन्मही नव्हता, तुमच्यापैकी कितीजणींनी ते भोगलंय. म्हणून भूकंप कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगणार? तो इथं का झाला, तेवढं सांगते.

आंबा डोळ्यांसमोर आणा. साल, गर आणि कोय. पृथ्वीचंही तसंच. साल म्हणजे आपल्या पायाखालचं कवच, आपल्याकडे साधारण 30 ते 40 किलोमीटर जाड. त्याखाली 2,900 किलोमीटरपर्यंत गर. तो म्हणजे तापलेला दगड, घट्टच, पण लाखो वर्षांत सावकाश सरकणारा. मधे लोखंडाची कोय, तिचा बाहेरचा भाग वितळलेला. माणसानं सगळ्यात खोल छिद्र पाडलं ते रशियात, 12 किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे सालसुद्धा पार झाली नाही. (आपल्या बोअरला चारशे फुटांवर पाणी लागत नाही, ती गोष्ट वेगळी!)

ही साल अखंड नाही. तिचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना प्लेट म्हणतात. आपला तुकडा वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, नखं वाढतात जवळपास त्या वेगानं. पुढे दुसरा तुकडा आडवा आहे. त्या रेटारेटीत हिमालय वर उचलला गेला.

मग भूकंप तिकडे व्हावा, इथं कशाला? भरलेली बैलगाडी मागून ढकलली आणि पुढचं चाक अडलं, तर जोर सगळ्या गाडीला बसतो. लाकडात जिथं जुनी चीर असेल, तिथं ते कडकन मोडतं. आपल्या काळ्या दगडाखालीही अशा जुन्या भेगा आहेत. किल्लारीच्या आधी हा भाग पक्का, भूकंपापासून सुरक्षित समजला जायचा.

पण बायांनो, माणसं दबली ती भिंतींखाली. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत, सांध्यांत नुसती माती, आतला दगड बाहेरच्या दगडाला कुठंच बांधलेला नाही. वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार राहायचं हे खरं, पण हलल्यावर भिंतीचे दोन पदर दोन बाजूंना फाकले आणि माळवद खाली आलं.

यावर उपाय आहेत. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर आरपार जाणारे लांब दगड. दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कवेत घेणारा सळई-सिमेंटचा पट्टा. तो एका भिंतीवर तोडला तर उपयोग नाही, चारी बाजूंनी अखंड हवा. भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीत आपल्यासारख्याच महिला मंडळातल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. त्या घरोघरी जाऊन हेच समजावून सांगायच्या. तेव्हा हे गवंड्यांचं काम, आपल्याला काय कळतंय, असं म्हणू नका.

आणि मोबाईलवर येतं ना, ‘आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार’? ते पुढे पाठवू नका. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणं अजून जगात कुणालाही जमलेलं नाही.

त्या ताईचं कर्ज आपण नाकारलेलं नाही. पुढच्या बैठकीला एका जाणत्या मिस्त्रींना बोलावलंय. ज्यांचं बांधकाम निघालंय, त्यांनी आपल्या भिंतींचे आतून-बाहेरून फोटो काढून आणा. कोपऱ्यांचे नक्की आणा.