चौघांचा डाव आणि दिलेला शब्द

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'सोसायटीची पंचवीस वर्षे' हा विषय दिला आहे. पण अहवाल चिटणीसांनी वाचलाच आहे, आणि मी जुना खजिनदार आकड्यांत शिरलो तर मागं रस्सा थंड व्हायचा. म्हणून मी पत्त्यांवर बोलणार आहे. हसू नका, विषय सोसायटीचाच आहे.

आमच्या पिढीचा खेळ पाच-तीन-दोन. तिघं खेळाडू, तीस पानं, प्रत्येकाला दहा. हुकूम बोलणाऱ्यानं पाच हात करायचे, दुसऱ्यानं तीन, वाटणाऱ्यानं दोन. कमी पडले तर देणं अंगावर. पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले तो तुमचं पान ओढणार. कर्ज आणि वसुली मला बँकेत लागण्याआधी इथंच समजली. घाटाखाली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. 120 गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग; तीही तिघांतच खेळतात. दोघांच्या खेळात समोरचा हरला की आपण जिंकलो. तिसरा आला की राजकारण आलं!

गेल्या सुट्टीत नातू पुण्याहून आला, तो पत्त्यांचा डबाच घेऊन. खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाचा हा खेळ 1993 साली बाजारात आला. पानं विकत घ्यायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि आपला कॅट आपणच जुळवायचा. त्यातला 'कमांडर' हा प्रकार बहुधा चौघांत खेळतात. प्रत्येकाची शंभर पानं, प्रत्येकाला चाळीस प्राण. शेवटी जो उरेल तो जिंकला.

नातू, खालच्या मजल्यावरची दोन पोरं आणि चौथा गडी म्हणून मी. दोन-तीन डावांत माझ्या लक्षात आलं, की पानांपेक्षा तोंड जास्त चालतं. सुरुवातीलाच जो जोर दाखवतो, त्याच्यावर तिघं मिळून तुटून पडतात. तुम्ही एकाशी भिडलात, की दोघंही खिळखिळे होता आणि उरलेले दोघं ताजेतवाने राहतात. म्हणून तह करायचे. पण खेळाचे नियम तह पाळायला लावत नाहीत. तिथं जामीनदार नाही, तारण नाही. नुसता शब्द.

एका डावात मी नातवाला म्हटलं, "या फेरीला तू मला सोड, पुढच्या फेरीला मी तुला हात लावणार नाही." त्यानं सोडलं. पुढच्या फेरीला संधी दिसली, मी त्यालाच उडवला आणि डाव जिंकलो. पोरगं एवढंच म्हणालं, "आजोबा, तुम्ही शब्द दिला होता." त्यानंतरच्या सगळ्या डावांत तिघांनी पहिला मलाच बाहेर काढला. नातू म्हणतो, "तुमचा सिबिल स्कोअर गेला!"

सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. कारण असा डाव मी एकदा खरोखर खेळलो होतो, याच इमारतीत.

सुरुवातीच्या वर्षांत बोअर मारायची होती. तळमजल्यावर नळाचं पाणी व्यवस्थित यायचं, त्यांना बोअरची गरज नव्हती. मतं कमी पडत होती. मी तळमजल्यावरच्या एका काकांच्या घरी गेलो, चहा घेतला आणि म्हणालो, "तुम्ही बोअरला हात वर करा. लिफ्टचा खर्च निघाला की तुमच्यावर भार येणार नाही, ते मी बघतो." त्यांनी स्वतः हात वर केला, शेजारच्यांनाही सांगितलं. बोअर झाली.

पुढं लिफ्टचं मोठं काम निघालं. ठराव आला : सर्वांना सारखी वर्गणी. मी व्यासपीठावर होतो. बहुमत होतंच, माझ्या बोलण्यानं काही अडलं नसतं, म्हणून गप्प बसलो. काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन पैसे भरले. पावती मीच फाडली. त्यानंतर जिन्यात नमस्कार व्हायचा, पण ते माझ्या दारात कधी आले नाहीत. आज ते नाहीत. घरची मंडळी इथं बसली आहेत. त्यांच्यासमोर सांगतो, चूक माझी होती. हे मी त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं.

मंडळी, पत्त्यांचा डाव संपला की पानं पिसून नवा मांडता येतो, आणि तरीही पोरं माझा जुना शब्द विसरली नाहीत. इथं तर पंचवीस वर्षं तेच शेजारी, तोच जिना. आता इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा विषय येतोय. गट पडतील, तह होतील. त्यात वावगं काही नाही, चार घरं एकत्र आली की ते चालायचंच. माझी विनंती एवढीच, की कुणी कुणाला शब्द दिला तर तो चहाच्या कपावर ठेवू नका. सभेच्या इतिवृत्तात लिहा आणि खाली सही करा. पहिली सही माझी घ्या.

आणि पोरांनो, रविवारी संध्याकाळी गच्चीवर चौथा गडी कमी पडला तर हाक मारा. मला पहिल्यांदा बाहेर काढलंत तरी चालेल.