शेडखालचे बिऱ्हाड

मागच्या एप्रिलमध्ये मी लंडनच्या हॅरो उपनगरात लेकीकडे होते. एका पहाटे चहा घेत खिडकीशी उभी होते, तर बागेतल्या लाकडी शेडखालून एक तांबूस तोंड डोकावलं. "फॉक्स गं आई, रोजचीच आहे," लेक म्हणाली. आपण त्याला सरसकट कोल्हा म्हणतो. पण आपला कोल्हा निराळा. हा आपल्या माळावरच्या खोकडाचा तांबडा भाऊबंद.

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये बागांच्या घरांची उपनगरं पसरली आणि ही मंडळी तिथे मुक्कामाला आली. उंदीर, गांडुळं, पडलेली फळं, कचऱ्याची पिशवी, काहीच वर्ज्य नाही. तिथल्या कोल्ह्यांत रेबीज नाही, म्हणून लोकही निर्धास्त.

महिनाअखेर पिल्लं बाहेर आली. चार! नातवाचा मोजा पळवून त्यांची रस्सीखेच चाले. मला राहवेना. कुणाला न सांगता मी पोळीचे तुकडे टाकू लागले. आठवड्यात मादी भरदिवसा पायरीशी येऊन बसू लागली. मला केवढं अप्रूप!

मग एका सकाळी शेजारच्या आजींची कोंबडी गेली. खुराड्याची कडी सैल होती म्हणे, पण मला घास गिळेना. जाऊन कबूल केलं. आजी थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्याकडे तर ती बिस्किटं खाते."

दोघींनीही खाऊ बंद केला. जावयांनी नवी कडी बसवून दिली. जूनमध्ये बिऱ्हाड हललं. मोजा शेडखालीच राहिला.