क्रेडिट : शब्द एक, अर्थ चार



गटाच्या बैठकीत, बँकेत, मोबाइलवर एक इंग्रजी शब्द हल्ली सारखा कानावर पडतो. तो म्हणजे क्रेडिट. एक म्हणते, "खात्यात पैसे क्रेडिट झाले." दुसरी विचारते, "किसान क्रेडिट कार्ड काढलं का?" तिसरी सांगते, "साहेब क्रेडिट स्कोअर बघतो म्हणाले." शब्द एकच, पण एका ठिकाणी पैसा आपला असतो, तर दुसऱ्या ठिकाणी बँकेचा. हा फरक कळला नाही तर पदरचं जातं. म्हणून आज हा शब्द जरा पाखडून घेऊ.

पहिला अर्थ, जमा. पासबुकात दोन रकाने असतात, जमा आणि नावे. क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे. पण मोबाइलवरचा संदेश पुरता वाचायचा. आपण कोणाला पैसे पाठवले, की काही बँकांच्या संदेशात दोन्ही शब्द येतात: आपल्या खात्यातून डेबिट आणि समोरच्याच्या खात्यात क्रेडिट. तेव्हा खातं कोणाचं, ते आधी बघा.

फसवणूक करणारे याच शब्दाचा फायदा घेतात. 'पाच हजार क्रेडिट झाले' असा खोटा संदेश येतो. मागोमाग फोन येतो, "ताई, चुकून तुमच्याकडे आले, परत पाठवा." घाई करू नका. आधी खात्यातली शिल्लक तपासा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा.

दुसरा अर्थ, उधार. दुकानदार क्रेडिटवर माल देतो, म्हणजे उधारीवर देतो. १९९८ साली सुरू झालेलं किसान क्रेडिट कार्ड हेही पीककर्जच आहे. हातात कार्ड आलं म्हणून पैसे आपले झाले नाहीत. आपल्या गटाला बँक 'सीसी' देते, ती कॅश क्रेडिट. दोन लाखांची मर्यादा मंजूर झाली, म्हणजे दोन लाख मिळाले असं नाही. गरज पडली तर तेवढे उचलता येतील. जेवढे उचलले तेवढ्यावर आणि जितके दिवस वापरले तितक्या दिवसांचं व्याज लागतं. त्या खात्याच्या शिलकीपुढे 'डीआर' लिहिलेलं असेल, तर ती रक्कम आपलं देणं आहे.

तिसरा अर्थ, पत. या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ विश्वास ठेवणं. आपल्याकडे 'बाजारात त्याची पत आहे' म्हणतात, तेच हे. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हा बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हतं. नेमानं केलेली बचत, वेळेवरची परतफेड आणि नीट लिहिलेलं रजिस्टर, हीच त्यांची पत ठरली.

आता ही पत आकड्यातही मोजतात. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० असतो. हप्ता थकला की तो घसरतो. म्हणून कोणी कितीही जवळचं असो, "तुझ्या नावावर कर्ज काढ, हप्ते मी भरते" म्हटलं तर मान डोलावू नका. हप्ता तिनं चुकवला, तरी पत तुमची जाते. जामीन राहतानाही हाच विचार करा. आपला पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागून घ्या.

चौथा अर्थ, श्रेय. काम केलं एकीनं, क्रेडिट घेतलं दुसऱ्यानं, असं आपण म्हणतो. वैरण आपण कापतो, धार आपण काढतो. मग दुधाचे पैसे कोणाच्या खात्यात क्रेडिट होतात? आपल्या नावच्या खात्यात व्यवहार झाले, तर बँकेला दाखवायला आपली नोंद तयार होते. श्रेय, जमा आणि पत अशा तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं बँकेचा शेवटचा संदेश उघडायचा आणि मोठ्यानं वाचायचा. खातं कोणाचं, रक्कम किती, जमा की नावे, हे जिला वाचता येतं तिनं शेजारणीला समजावून सांगायचं.