परवान्यावाचूनची कला
(त्र्यंबकेश्वर येथील भाषणाचा मजकूर)



त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना वाळीत टाकले गेले आणि शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, असे परंपरा सांगते. माणसाच्या वाणीला अधिकारपीठाचे प्रमाणपत्र लागावे काय, हा प्रश्न म्हणूनच या भूमीला नवा नाही. विसाव्या शतकात तो चेकोस्लोव्हाकियात उभा राहिला, तसाच महाराष्ट्रातही.

ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या रणगाड्यांनी प्रागमधील ‘मानवी चेहऱ्याचा समाजवाद’ चिरडला. पुढे सरकारमान्य कलावंत संघाबाहेरच्यांना प्रदर्शनाची दालने जवळजवळ बंदच झाली. १९ नोव्हेंबर १९७६ रोजी यिर्झी कोवांदा हा तरुण प्रागच्या वेन्सेस्लास चौकात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, दोन्ही हात पसरून उभा राहिला. पुढल्या वर्षी सरकत्या जिन्यावर तो मागे वळला आणि मागच्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहत राहिला. कृती एवढीच, मागे उरले छायाचित्र आणि टंकलिखित मोजक्या ओळी. ही राजकीय घोषणा आहे, असा दावा त्याने केला नाही. परंतु त्याच १९७६ साली ‘प्लॅस्टिक पीपल’ या संगीतगटाच्या वर्तुळातील चौघांना तुरुंगात धाडणाऱ्या राजवटीत, चारचौघांत माणसाने माणसाकडे निर्भयपणे पाहणे हीसुद्धा साधी गोष्ट राहिली नव्हती. त्या खटल्याच्या संतापातूनच जानेवारी १९७७ मध्ये ‘सनद ७७’ जन्मली.

महाराष्ट्रात काय घडले? तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’तील लुगड्यावरचा रक्ताचा डाग १९७० साली परिनिरीक्षण मंडळाला खटकला; तेव्हा नाट्यकर्मींनी ती हकिकत प्रयोगाआधी प्रेक्षकांना उघड सांगितली. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. आणीबाणीत, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी उभे राहून प्रार्थना करण्याचे आवाहन केले. नुसते उभे राहणे! पण त्या दिवसांत त्याचा अर्थ सर्वांना कळला. पुढे दुर्गाबाईंना कारावास घडला.

दोन्ही देशांत एक मोठा फरक होता. सारंगांना न्यायालयाचे दार उघडे होते, कोवांदाला केवळ रस्ता. म्हणून महाराष्ट्राने निश्चिंत व्हावे, असे मात्र नाही. नाट्यसंहितेच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध अमोल पालेकर यांना २०१६ सालीही उच्च न्यायालयात जावे लागले.

मुंबईच्या मंडळावर टीका करणारा आणि प्रागच्या प्रश्नावर मौन पाळणारा समाजवादी स्वतःच्याच ध्येयाशी प्रतारणा करतो. कामगाराच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगाराच्या मुलाला रस्त्यात हात पसरण्याचीही धास्ती वाटत असेल, तर त्या राज्याला समाजवादी म्हणता येणार नाही. आणि लोकशाहीचे नाव घेणाऱ्या राज्यात नाटकाला प्रयोगाआधी शुद्धिपत्र लागत असेल, तर ती अट रद्द व्हावी म्हणून झगडणे हे समाजवाद्यांचेच काम आहे.