आबाजींची पलटण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवी शिकलेली, मला भाषण येत नाही. म्हणून माझ्या आबाजींचे सांगते.

आबाजी १९४२ साली कामठीला महार पलटणीत भरती झाले. महारांचे शिपाईपण नवे नव्हते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदारच होते. पण पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात अडले तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो! दुसऱ्या युद्धात बाबासाहेबांनी आग्रह धरला, तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला पहिली पलटण झाली आणि जून १९४२ मध्ये आपल्या कामठीला दुसरी.

आबाजी म्हणत, "अंगठा देऊन गेलो, सही करून आलो. हवालदार चुकीसाठी ओरडे, जातीसाठी नाही."

युद्ध संपून गावी आले, तर विहीर तीच. खाली ओंजळ धरा, वरून पाणी ओततील. आबाजींनी ओंजळ धरली नाही. तहानलेलेच घरी आले. मेलेले ढोर ओढायलाही जाईनात. मग खळ्यावरचे धान्य बंद झाले. आजी परगावी रोवण्याला जाऊ लागली. ती म्हणे, "पलटणीत हे गेले, लढाई माझ्या चुलीशी आली!" तिचा राग आबाजींवरही होता, ते मी लपवत नाही. पण आत्याला शाळेत घालताना लुगड्यासाठी जमवलेले पैसे तिनेच काढून दिले.

१९५० साली घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली त्याचा कायदा झाला. हे सर्वांना ठाऊक आहे.

आता आपले सांगते. गेल्या माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत, लिंगोच्या दर्शनाला आलेल्या गोंड भाविकांना मंडळाने पाणी दिले. मी पिंपाशी बसले होते. आपल्यातली एक ताई कानाशी येऊन म्हणाली, "तू गर्दी सांभाळ, पाणी दुसरी कोणी देईल."

मी उठले. रात्रभर डोळा लागला नाही. ती का म्हणाली यापेक्षा मी का उठले, हेच मनात घोळत राहिले.

त्या ताईचे नाव मी घेणार नाही. ती इथेच बसली आहे आणि माझ्या बाळंतपणात तिनेच धावपळ केली होती. फक्त यंदा पिंपाशी बसणाऱ्यांच्या यादीत माझे नाव लिहा, आणि जोडीला तिचे.