कौलारू घर आणि बाग

निसर्गचित्र शिकू इच्छिणाऱ्याने विषयाच्या शोधार्थ दूर जाण्याचे कारण नाही. ओरोससारख्या गावी जांभ्या चिऱ्याचे घर, कौलांचे छप्पर, अंगणात तुळस आणि मागे माडपोफळींची बाग, एवढी सामग्री पुरेशी आहे.

नवशिका पट्टीने घर आखतो, कौले मोजून काढतो आणि मग माडांना एकेक झावळी लावीत बसतो. चित्र पुरे होते. पण घर बागेत वसत नाही, वरून चिकटविल्यासारखे दिसते. अशा वेळी डोळे किंचित मिटून पाहावे. झावळ्या नाहीशा होतात व उरतो वळचणीखालचा काळोख, बागेची दाट सावली आणि अंगणातील ऊन. आधी मांडावयाचे ते हेच.

पारदर्शक जलरंगात ऊन रंगविता येत नाही, राखावे लागते. तेथे कागद कोरा सोडावा. सावंतवाडीस १८८२ साली जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे दीप हाती घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. तिच्या बोटांतून झिरपणारा उजेड जलरंगातील आहे, हे पाहणाऱ्यास सहसा खरे वाटत नाही!

सावली मात्र नुसत्या काळ्याने भरू नये. चिऱ्याच्या तांबड्यात थोडा निळा मिसळला, तर भिंत सावलीतही चिऱ्याचीच राहते. पावसाळ्यात आपल्याकडे कागद लवकर वाळत नाही; अर्धवट ओल्या थरावर दुसरा दिला की दोन्ही रंग गढूळतात. तेवढा वेळ कुंचला खाली ठेवून ओटीवर स्वस्थ बसावे.